विश्वास नसतानाही शांतता कशी उभी राहते

११ सप्टेंबर २०१८ रोजी इथिओपिया आणि इरिट्रिया यांच्या सीमेवरील झालांबेसा येथील रस्ता जवळजवळ वीस वर्षांनी खुला झाला. १९९८ ते २००० या काळातील युद्धामुळे आणि त्यानंतरच्या धुमसत्या वैरामुळे ताटातूट झालेले नातेवाईक तिथे एकमेकांना भेटले, दोन्ही देशांचे नेते सीमेवर एकत्र आले आणि मालाची ने-आण सुरू झाली. डिसेंबर संपता संपता तोच रस्ता पुन्हा बंद झाला. दोन नेत्यांची मैत्री खरी असेल, लोकांचा आनंद तर निःसंशय खरा होता. पण सीमेवर जकात किती घ्यायची, कोणत्या कागदपत्रांवर माणसांना सोडायचे, दोन चलनांचा हिशेब कसा ठेवायचा आणि युद्धानंतर नेमलेल्या सीमा आयोगाने २००२ साली दिलेल्या निवाड्यानुसार सीमेचे खांब प्रत्यक्षात केव्हा रोवायचे, यांपैकी कशाचीच घडी बसवलेली नव्हती. पुढे काही वर्षांतच या दोन देशांचे संबंध पुन्हा बिघडले.

दोन वैरी शेजाऱ्यांमध्ये शांतता हवी असेल तर आधी विश्वास निर्माण झाला पाहिजे, असे आपण नेहमी ऐकतो. हे वाक्य इतके वाजवी वाटते की त्याची तपासणी करण्याची गरज कुणाला भासत नाही. परंतु जिथे शांतता खरोखर टिकली, तिथला इतिहास पाहिला तर क्रम बहुतेक वेळा उलटा दिसतो. समोरच्यावर विश्वास ठेवण्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था आधी उभी राहिली, ती व्यवस्था काही वर्षे बिनबोभाट चालली आणि मग हळूहळू विश्वास आला. ही व्यवस्था कशाकशाची बनते, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

विश्वास का नसतो, हे आधी पाहू. दोन शेजारी देशांपैकी एकाने केवळ स्वतःच्या बचावासाठी सीमेजवळ रणगाडे आणून ठेवले, तरी पलीकडच्या देशाला त्यामागचा हेतू दिसत नाही, फक्त रणगाडे दिसतात. तोही मग आपले रणगाडे पुढे आणतो आणि पहिल्या देशाला वाटते, आपली शंका खरीच होती. कुणाच्याही मनात आक्रमणाचा विचार नसताना दोघेही युद्धाच्या जवळ सरकत जातात. राज्यशास्त्राचे अभ्यासक याला सुरक्षेची कोंडी म्हणतात. दोन्ही बाजूंचे नेते भले असले तरी ही कोंडी फुटत नाही, कारण समोरचा नेता भला आहे याची खात्री करून घेण्याचा मार्ग उपलब्ध नसतो, आणि तो उद्या सत्तेवर असेलच असेही नाही. शस्त्रसंधीने गोळीबार थांबतो, तहाने युद्ध संपल्याचे कागदावर येते. पण ही कोंडी दोन्हींनंतर तशीच राहू शकते. युद्धाची शक्यता दोन्हीकडच्या सरकारांच्या हिशेबातूनच निघून जाते, तेव्हा टिकाऊ शांतता आली असे म्हणता येते.

या वाटेवर सर्वांत आधी घोडे अडते ते सीमेवर. नकाशावर रेघ ओढली की सीमा ठरली असे दुरून वाटते, पण रेघ प्रत्यक्ष जमिनीवर उतरवताना काय होते याचे उत्तम उदाहरण पेरू आणि इक्वेडोर यांचे आहे. १९४१ च्या युद्धानंतर या दोन देशांनी जानेवारी १९४२ मध्ये रिओ दि जानेरो येथे करार केला. अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार देश त्याचे हमीदार झाले. कराराने सीमेच्या एका भागासाठी सामोरा आणि सान्तियागो या नद्यांमधला जलविभाजक, म्हणजे पावसाचे पाणी ज्या कण्यावरून दोन बाजूंना वाहून जाते तो डोंगरमाथा, ही खूण ठरवली. त्यानंतर अमेरिकी विमानांनी त्या घनदाट अरण्याची छायाचित्रे घेतली आणि लक्षात आले की तिथली सेनेपा ही नदी सर्वांच्या समजुतीपेक्षा बरीच लांब आहे. ती या दोन नद्यांच्या मधूनच वाहते, त्यामुळे कराराने सांगितलेला एकच एक जलविभाजक तिथे नाहीच. सुमारे ७८ किलोमीटरची सीमा खांबांवाचून राहिली. इक्वेडोरने पुढे करारच अंमलात आणण्याजोगा नसल्याची भूमिका घेतली, पेरूने करार पूर्णपणे बंधनकारक असल्याचे सांगितले आणि अरण्यातल्या त्या पट्ट्यावरून १९८१ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये दोन्ही सैन्ये लढली. सोळाशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या सीमेपैकी एवढ्याशा तुकड्याने अर्धे शतक भिजत घोंगडे ठेवले.

हा वाद मिटला कसा, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९९५ च्या लढाईनंतर चारही हमीदार देशांनी निरीक्षक पाठवले आणि दोन्ही सैन्यांना एकमेकांपासून दूर केले. मग वाटाघाटी झाल्या, पण अखेरच्या तुकड्यावर कुठलाच राष्ट्राध्यक्ष माघार घेऊ शकत नव्हता, कारण माघार म्हणजे देशातले राजकीय मरण. तेव्हा असे ठरले की हमीदार देशांनी तोडगा सुचवावा आणि तो काय असेल हे माहीत होण्याआधीच दोन्ही देशांच्या संसदांनी तो बंधनकारक मानण्यास मान्यता द्यावी. तशी मान्यता मिळाली. २६ ऑक्टोबर १९९८ रोजी ब्राझिलियात पेरूचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी आणि इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष माहुआद यांनी सह्या केल्या. सीमा पेरूच्या म्हणण्याच्या जवळ राहिली. परंतु तिविन्सा या ठिकाणी, जिथे इक्वेडोरचे सैनिक लढले आणि मारले गेले होते, तिथली एक चौरस किलोमीटर जमीन इक्वेडोरला खाजगी मालमत्ता म्हणून देण्यात आली. सार्वभौमत्व पेरूचे, कायदा पेरूचा, पण मालकी इक्वेडोरची. सीमेच्या दोन्ही बाजूंना संरक्षित उद्याने करायचे ठरले, ॲमेझॉन आणि तिच्या उपनद्यांतून नौकानयनाचे हक्क इक्वेडोरला मिळाले आणि दोन्हीकडच्या मागास सीमाभागासाठी एकत्रित विकास आराखडा आखला गेला.

या तोडग्यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की कोणत्याही नेत्याला स्वतःच्या तोंडाने जमीन सोडावी लागली नाही. निर्णय बाहेरून आला आणि तो पाळण्याचे वचन संसदेने आधीच देऊन ठेवले होते. दुसरा असा की अविभाज्य वाटणारी गोष्ट वाटून दिली गेली. जमीन कुणाची, या प्रश्नात प्रत्यक्षात अनेक प्रश्न दडलेले असतात: तिथे कायदा कुणाचा, मालकी कुणाची, पाणी कोण वापरणार, मृतांचे स्मरण कोण करणार. ते सुटे करून एकेकाचे उत्तर शोधता येते, आणि चांगल्या मध्यस्थाचे बरेचसे कौशल्य या सुटे करण्यातच असते.

बाहेरचा निवाडा प्रत्येक वेळी पचतोच असे मात्र नाही. चिली आणि अर्जेंटिना यांनी दक्षिण टोकाजवळच्या बीगल खाडीतील पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या तीन बेटांचा वाद लवादाकडे सोपवला होता. १९७७ मध्ये बेटे चिलीची ठरली. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने निवाडा झुगारला आणि त्या डिसेंबरमध्ये आक्रमणाची तयारी अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेली. ऐनवेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मध्यस्थीची तयारी दाखवली. त्यांचे दूत कार्डिनल आन्तोनियो सामोरे दोन्ही राजधान्यांमध्ये ये-जा करत राहिले आणि जानेवारी १९७९ मध्ये मोंतेविदेओ येथे दोन्ही देशांनी बळाचा वापर न करण्याचे मान्य केले. अंतिम तह व्हायला नोव्हेंबर १९८४ उजाडले. मध्यंतरीच्या वर्षांत अर्जेंटिनाची लष्करी राजवट ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात हरून कोसळली होती, आणि नव्या लोकनियुक्त सरकारने तहाबाबत जनतेचा कौल घेतला. सुमारे ऐंशी टक्के मतदारांनी होकार दिला. बेटे चिलीकडेच राहिली. फरक एवढाच होता की या वेळी समुद्रावरील हक्कांची वाटणी अर्जेंटिनाला पटेल अशी झाली आणि तह लोकांसमोर मांडून स्वीकारला गेला. बंद दाराआड मिळवलेली सही पुढच्या सरकारला सहज पुसता येते. जनतेच्या कौलाने आलेली सही पुसायला बरेच धाडस लागते.

आता पडताळणीकडे वळू, कारण माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तिथे आहे.

इजिप्त आणि इस्रायल यांच्यात १९४८ पासून १९७३ पर्यंत चार मोठी युद्धे झाली. मार्च १९७९ च्या तहाने सिनाई द्वीपकल्प इजिप्तला परत मिळाला, पण तो पट्ट्यापट्ट्यांत विभागून. मूळ तहानुसार सुएझ कालव्यालगतच्या पश्चिम पट्ट्यात इजिप्तला एक पूर्ण डिव्हिजन, म्हणजे सैन्याची एक मोठी तुकडी, ठेवता येते, मधल्या पट्ट्यात फक्त सीमारक्षक तुकड्या, आणि इस्रायलला लागून असलेल्या पट्ट्यात केवळ पोलीस व आंतरराष्ट्रीय दल. सीमेपलीकडे इस्रायलच्या बाजूलाही एक अरुंद पट्टा मर्यादित सैन्याचा आहे. हे सारे पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी एप्रिल १९८२ पासून एक बहुराष्ट्रीय दल तिथे तैनात आहे. तह करणारे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात ऑक्टोबर १९८१ मध्ये मारले गेले, लेबनॉनमध्ये युद्ध झाले, इजिप्तमध्ये राजवटी बदलल्या, दोन्ही समाजांत एकमेकांविषयी आपुलकी जवळजवळ निर्माण झालीच नाही. तरीही तह टिकून आहे. अशा शांततेला थंड शांतता म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या वाळवंटात एका पिढीने तीन वेळा रणगाड्यांच्या लढाया पाहिल्या, तिथे चार दशकांहून अधिक काळ या दोन सैन्यांत युद्ध न होणे ही हजारो जिवांची गोष्ट आहे.

त्याहून पुढचे पाऊल ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी टाकले. १९७० च्या दशकात दोघांचेही अणुकार्यक्रम चालू होते, दोघांनीही अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नव्हती आणि पाराना नदीवरील इताइपू धरणावरूनही त्यांचे बिनसलेले होते. १९७९ मध्ये पॅराग्वेसह तिघांनी धरणांचा वाद मिटवला. १९८५ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिन आणि ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष सार्ने भेटले आणि अणुविषयक सहकार्याची घोषणा झाली. पण मला लक्षणीय वाटते ते पुढचे. १९८७ मध्ये आल्फोन्सिन यांनी सार्ने यांना पिल्कानियेउ येथील युरेनियम समृद्धीकरणाचा (ज्यातून अण्वस्त्रांचे इंधनही तयार होऊ शकते असा) कारखाना प्रत्यक्ष दाखवला, म्हणजे ज्या जागेची ब्राझीलच्या लष्कराला सर्वाधिक धास्ती होती तिचे दार ब्राझीलच्याच राष्ट्राध्यक्षासाठी उघडले. पुढच्या वर्षी आल्फोन्सिन यांनी ब्राझीलमधील इपेरो येथील तसाच प्रकल्प पाहिला. या भेटींवर विसंबून न राहता दोन्ही देशांनी १९९१ मध्ये अणुसाहित्याचा हिशेब आणि नियंत्रण यांसाठी एक संयुक्त संस्था स्थापन केली. तिचे मुख्यालय रिओ दि जानेरो येथे आहे.

या संस्थेचे काम अगदी रुक्ष आहे. अर्जेंटिनातील अणुकेंद्रांची तपासणी ब्राझीलचे निरीक्षक करतात आणि ब्राझीलमधील केंद्रांची अर्जेंटिनाचे. ते साठ्याची नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा ताडून पाहतात, नमुने घेतात, सील तपासतात, अहवाल लिहितात. ज्याला सर्वाधिक संशय घेण्याचे कारण आहे त्याच्याच हाती तपासणी दिली की संशयाला अफवांवर पोसले जाण्याची गरज उरत नाही. दुसरे असे की या निरीक्षकांमुळे दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांचा एक असा वर्ग तयार झाला जो एकमेकांना नावाने ओळखतो आणि काही खटकले तर आधी फोन करतो. हा वर्ग सरकारे बदलली तरी जागेवर राहतो.

व्यापाराविषयी मोठा गैरसमज आहे. व्यापार वाढला की युद्ध आपोआप टळते, असे मानले जाते. १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे ग्राहक होते. त्याने काही थांबले नाही. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी जी योजना मांडली ती नेहमीच्या व्यापारापेक्षा वेगळी होती. कोळसा आणि पोलाद हा त्या काळी युद्धसामग्रीचा कणा होता. या दोन उद्योगांचे नियंत्रण फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या दोघांच्याही सरकारांकडून काढून एका संयुक्त उच्चाधिकाऱ्यांच्या मंडळाकडे द्यावे, असे शूमान यांचे म्हणणे होते. इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग हेही त्यात आले आणि एप्रिल १९५१ मध्ये करार झाला. आता जर्मनीला गुपचूप तोफा ओतायच्या म्हटले तरी पोलादाचे आकडे फ्रेंच माणसाच्या टेबलावर आधीच पोहोचलेले असणार, आणि फ्रान्सच्या बाबतीतही तेच. हाही एका अर्थाने पडताळणीचाच प्रकार होता.

फ्रान्स आणि जर्मनीच्या समेटाचे वर्णन करताना युवकांच्या सहली, जोडगावे आणि समान इतिहासाचे पाठ्यपुस्तक यांचे फार कौतुक होते. ते रास्तच आहे, पण कालक्रम विसरला जातो. युद्धानंतर फ्रान्सच्या नियंत्रणाखाली असलेल्या सार या कोळशाच्या प्रदेशाचा प्रश्न १९५५ च्या सार्वमतानंतर सुटला आणि १ जानेवारी १९५७ रोजी तो पश्चिम जर्मनीत गेला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांचा मैत्री करार जानेवारी १९६३ चा. त्याने राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी भेटलेच पाहिजे असे ठरवले, मग बोलायला काही असो वा नसो. त्याच वर्षी युवक विनिमयाचे कार्यालय निघाले. इतिहासाचे समान पाठ्यपुस्तक प्रत्यक्षात आले ते २००६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून एकसष्ट वर्षांनी. आधी सीमा, कोळसा आणि पोलाद, मग ठरलेल्या भेटींचा शिरस्ता, मग तरुण, आणि सर्वांत शेवटी भूतकाळ. वैर ताजे असताना इतिहासावर एकमत करायला बसवले तर माणसे जुनी भांडणेच नव्याने भांडतात.

सगळी व्यवस्था उभी राहत असतानाच तिला सुरुंग लावणारेही असतात. शांततेमुळे ज्यांची सत्ता, महत्त्व किंवा ध्येय संपणार असते, त्यांना मोठे सैन्य लागत नाही. योग्य वेळी केलेला एक हल्ला पुरतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्या पंतप्रधानांनी लाहोर जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि काही महिन्यांतच कारगिलचे युद्ध उभे राहिले, कारण पाकिस्तानच्या सैन्याने नियंत्रणरेषा ओलांडून आधीच शिखरे बळकावली होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना त्यांच्याच देशातल्या शांतताविरोधी तरुणाने मारले. म्हणून हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे हल्ला होण्याआधी ठरलेले असावे लागते: कोण कुणाला फोन करील, चौकशी कोण करील, पुरावा कुणासमोर ठेवायचा, कोणते काम कोणत्याही परिस्थितीत चालू राहील.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात अशा गोष्टींचे काही तुकडे आहेत, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होत आली आहे, मग संबंध कितीही बिघडलेले असोत. दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधला थेट दूरध्वनी मे २०२५ मध्ये संघर्ष थांबवतानाही वापरला गेला. १९६० चा सिंधू जलकरार तीन युद्धांतून टिकला, पण पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. सहा दशके टिकलेली व्यवस्थाही एकटी पडली तर कुठवर तग धरते, हे यातून दिसते. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात असे धागे डझनांनी होते, त्यामुळे एक तुटला तरी भार इतरांवर जात असे.

शांततेसाठी प्रत्येक वाद मिटलाच पाहिजे, ही अपेक्षाही सोडून द्यावी लागते. चिली आणि अर्जेंटिना यांनी १९९० च्या दशकात सीमेवरचे राहिलेले जवळजवळ सारे मुद्दे निकाली काढले. काही वाटाघाटीने, एक लवादाने. दक्षिणेकडील हिमक्षेत्रातला एक भाग मात्र १९९८ च्या करारानंतरही आखायचा राहिला आहे, आणि चिलीच्या अधिकृत नकाशांवर तिथे रेघेऐवजी रिकामा चौकोन असतो. नकाशांवरून अधूनमधून निषेधाची पत्रे जातात. पण याच काळात दोन्ही देशांनी संरक्षणखर्च एकाच पद्धतीने मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकी आर्थिक आयोगाकडून समान मोजपट्टी तयार करून घेतली, शांतिसेनेसाठी दोघांच्या सैनिकांचे एकत्रित दल उभारले आणि हिमक्षेत्रातली उरलेली सीमा आखण्याचे काम संयुक्त सीमा आयोगाकडे सोपवले. ते काम अजून त्याच्याकडेच आहे.